गार्ग्याची शंका

आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षाला संस्कृत शिकवताना मी फळ्याचे उभे दोन भाग करते. डावीकडे ग्रीक-लॅटिन, उजवीकडे संस्कृत. समोरची मुलं दिंडोरीची, कळवणची, सुरगाण्याची, काही निफाड-येवल्याची. बी.ए.एम.एस.ला प्रवेश मिळाल्याच्या आनंदावर पहिल्या महिन्यातच विरजण पडतं, कारण एकीकडे चरकसंहिता उघडावी लागते आणि दुसरीकडे शरीररचनेच्या पुस्तकात पेरिकार्डायटिस, हायपोग्लायसेमिया, डिस्प्निया असे शब्द वाट अडवून उभे असतात. मी म्हणते, घाबरू नका, तोडा. पेरि म्हणजे आपला परि. हायपर म्हणजे उपरि, हायपो म्हणजे उप. डिस म्हणजे दुस्, दुर्बल-दुष्काळातला. नकाराचा अ दोन्हीकडे आहे आणि स्वरापुढे त्याचा अन् होण्याची सवयही दोन्हीकडे आहे: अनुरिया म्हणजे लघवी न होणं, तशीच आपली अनिच्छा. मग मूळ शब्दांकडे वळायचं. हेपार आणि यकृत, कार्डिया आणि हृद्, ऑस्टिऑन आणि अस्थि, नासस आणि नासा ही एकाच जुन्या कुळातली भावंडं आहेत. पेरिकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या भोवतालच्या आवरणाचा दाह, हे मुलांना स्वतःहून सुटतं तेव्हा वर्गात एकदम चुळबुळ होते. त्या चुळबुळीसाठी मी अजून शिकवते आहे.

पण गेल्या वर्षी सुरगाण्याच्या एका मुलीने असा प्रश्न टाकला की त्याने माझं सगळं शिकवणंच ढवळून निघालं. ती म्हणाली, "मॅडम, आजीच्या गुडघ्याला गावचे वैद्य संधिवात म्हणतात. नाशिकच्या डॉक्टरांनी कागदावर आर्थरायटिस लिहिलं. मी दोन्ही नावं फोडली. एकात वात निघाला, दुसऱ्यात सूज निघाली. मग आजीच्या गुडघ्यात नक्की काय आहे?"

याहून नेमका प्रश्न कोणत्याही दर्शनग्रंथात सापडणार नाही. नाव फोडलं की वस्तू हाती येते का? की नाव ठेवणाऱ्याचं मत हाती येतं?

आधी आर्थरायटिसचं पाहू. आर्थ्रॉन म्हणजे सांधा. आयटिस म्हणजे सूज, असं सगळी पाठ्यपुस्तकं सांगतात आणि परीक्षेत तेच लिहायचं. पण मूळ ग्रीकमध्ये आयटिस हा नुसता संबंध दाखवणारा स्त्रीलिंगी प्रत्यय होता. 'आर्थरायटिस नोसॉस' म्हणजे 'सांध्याची व्याधी', एवढंच. पुढे त्यातला व्याधी हा शब्द गळून पडला, प्रत्यय एकटा उरला आणि वैद्यांनी त्याच्यावर दाहाचा अर्थ चढवला. म्हणजे मुळात त्या नावात कारण नव्हतंच, फक्त पत्ता होता. संधिवातात मात्र पत्ताही आहे आणि वात हा आरोपीही आहे. ही नुसती दोन भाषांची भिन्नता नव्हे. व्याधी कशामुळे होते, या प्रश्नावरच्या दोन वेगळ्या भूमिका त्या दोन नावांत घट्ट बसलेल्या आहेत, आणि आजीचा गुडघा त्या दोन्हींच्या आधीपासून दुखतो आहे.

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या निरुक्त या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात यास्काने तो मांडला आहे. शाकटायनाचं आणि नैरुक्तांचं, म्हणजे व्युत्पत्तिकारांचं, म्हणणं असं की सगळी नामं क्रियापदांच्या धातूंपासून निघतात. धातू शोधा, अर्थ सापडेल. गार्ग्य आणि काही वैयाकरण म्हणाले, सगळी नाही. गार्ग्याच्या शंका अशा रोखठोक आहेत की मुलांना त्या एकदाच सांगाव्या लागतात. अश्व हा शब्द वाट व्यापण्याच्या क्रियेवरून आला म्हणता, तर मग वाट व्यापणाऱ्या प्रत्येकाला अश्व का म्हणत नाही? टोचतं ते तृण, तर टोचणारं सगळंच तृण का नव्हे? आणि एक वस्तू दहा क्रिया करत असेल तर तिला दहा नावं का नाहीत? यास्क उत्तर देतो की लोकव्यवहारच तसा आहे: लाकूड तासणारे पुष्कळ असतात, पण तक्षा एका सुताराला म्हणतात. शिवाय कोणी भलती व्युत्पत्ती केली तर तो दोष करणाऱ्याचा, शास्त्राचा नव्हे, असंही तो बजावतो. उत्तर प्रामाणिक आहे. तरीही मी गार्ग्याच्या बाजूची आहे. यास्काच्या उत्तरातच मान्य झालेलं आहे की शेवटचा शब्द व्यवहाराचा असतो, धातूचा नव्हे. मीमांसकांनी पुढे हेच ठामपणे सांगितलं: अवयवांतून निघणाऱ्या अर्थापेक्षा रूढ अर्थ बलवान. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेलं, पण बेडकाला कोणी पंकज म्हणत नाही.

वैद्यकात हा मुद्दा जिवाशी येतो. मराठीत रक्तपिती म्हणजे कुष्ठरोग. जुन्या पिढीच्या तोंडी तो शब्द अजून आहे. चरकाचं रक्तपित्त वेगळं: नाकातून, तोंडातून, गुदमार्गाने रक्त जाण्याचा विकार. अवयव तेच, रक्त आणि पित्त. नुसते ते फोडून अर्थ लावणारा विद्यार्थी घोळणा फुटलेल्या माणसाला कुष्ठरोगी ठरवेल. मी हे उदाहरण मुद्दाम पहिल्याच आठवड्यात देते.

नावात जुन्यांचे समजही गोठून राहतात. मलेरिया म्हणजे दूषित हवा. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादला 20 ऑगस्ट 1897 रोजी डासाच्या पोटात त्या तापाचा परजीवी दिसला, हवा निर्दोष सुटली, नाव मात्र तसंच राहिलं. हिस्टेरियात गर्भाशय बसलेलं आहे आणि त्या एका मुळापायी किती बायकांच्या दुखण्याकडे दुर्लक्ष झालं असेल, याचा विचार करताना मला संताप येतो. ग्रीकांनी धमनीला जो शब्द दिला तोच श्वासनलिकेलाही वापरला, कारण मेलेल्या प्राण्याच्या धमन्या रिकाम्या दिसत आणि त्यांत वारा खेळतो असं मानलं जाई. धमन्यांत रक्तच असतं हे ग्रीक वैद्य गेलनने दाखवून दिलं. आपल्या धमनीतही फुंकण्याचा 'ध्मा' धातू आहे. चरक तिन्हींची निरुक्ती एका दमात सांगतो: ध्मानामुळे धमनी, स्रवण्यामुळे स्रोतस, सरण्यामुळे सिरा. ग्रीसमध्ये आणि इथे दोन्हीकडे माणसाने नाडीवर बोट ठेवलं आणि त्याला फुंकर आठवली. हे मला फार सुंदर वाटतं. पण सुंदर आहे म्हणून ते शरीराचं वर्णन ठरत नाही. ते बोट ठेवणाऱ्याच्या मनाचं वर्णन आहे.

नाशिकमध्ये राहणाऱ्याला तर ही गोष्ट रोज भेटते. शहराचं नावच नाक. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते पंचवटीत, हे इथल्या रिक्षावाल्यालाही पाठ असतं. दुसरे म्हणतात नवशिख, नऊ टेकड्यांवरचं गाव. वैयाकरणांनी आमच्या गावाची नोंद वेगळ्याच कारणासाठी घेतली आहे: नासिकेचं ठरावीक ठिकाणी नस् होतं, पण अनुनासिक वर्ण आणि नगर या अर्थी होत नाही, म्हणून 'नासिक्य' वर्णही आणि नासिक्य नगरही. पांडवलेण्यांतल्या एका लेखात नाशिककरांनी केलेल्या दानाचा उल्लेख आहे. गाव तेव्हाही गजबजलेलं होतं आणि नावाचा उलगडा कोणता मानायचा यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं.

नाकाचा विषय निघालाच आहे तर कावसजीची हकिकत सांगितली पाहिजे. 1792 च्या टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजी फौजेत बैल हाकणारा हा गडी. टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळ वीटभट्टीचं काम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधली पट्टी तोडायची नाही, म्हणजे रक्त चालू राहतं. कातडी उलटी फिरवून खाली आणायची, नाकाच्या जागी खाचेत बसवायची, वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या. सुमारे पंचवीस दिवसांनी मधली पट्टी कापायची. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये ऑक्टोबर 1794 ला हे चित्रासकट छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यूने 1814 मध्ये लंडनमध्ये तसं नाक करून पाहिलं आणि 1818 मध्ये बर्लिनच्या ग्रेफने या विषयावर पुस्तक लिहिलं, 'ऱ्हिनोप्लास्टिक'. ऱ्हिस म्हणजे नाक, प्लासेन म्हणजे माती किंवा मेण हाताने घडवणं.

आता विचार करा. पुण्याजवळच्या त्या माणसाकडे ऱ्हिनोप्लास्टी हा शब्द नव्हता, तो नंतर जुळवला गेला. सुश्रुताचा ग्रंथ त्याच्या हाती होता असं मानायलाही आधार नाही. सुश्रुत गालाची कातडी घ्यायला सांगतो, याने कपाळाची घेतली. माती घडवणाऱ्या घराण्यातला तो, पिढीजात हातांना जे ठाऊक होतं ते त्याने केलं. ज्ञान आधी होतं, नाव पाव शतकानंतर आलं. शाकटायनाच्या अनुयायाने हे उदाहरण पुन्हा पुन्हा पाहावं.

मग नावं फोडायला शिकवतेस तरी कशाला, असं कोणी विचारेल. त्यासाठी आमच्या आक्कांचं सांगते. आक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्यांच्या डाव्या कुशीत आग सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी पुरळ उठलं. शेजारच्या काकू गेरू घेऊनच आल्या. "नागीण आहे. तोंडाला शेपूट मिळालं की माणूस राहत नाही." डॉक्टरांनी लगेच असायक्लोव्हिर सुरू केलं, या औषधाला पहिले तीन दिवस मोलाचे असतात. गोळ्या चालू होत्या, पण आक्का रोज सकाळी शिवणकामाची टेप काढून पुरळाच्या टोकापासून बेंबीपर्यंतचं अंतर मोजत आणि टेपवरच्या त्या आकड्याला घाबरत. जेवण सुटलं. पुरळापेक्षा नावाचा विळखा जास्त आवळला होता.

गंमत अशी की डॉक्टरांचं हर्पीस झोस्टर हे नावही तेच सांगतं. हर्पीस ज्या ग्रीक धातूपासून आला तो सरपटण्याचा धातू आपल्या सर्पातल्या 'सृप्'चा सख्खा भाऊ. चरकाचा विसर्पही त्याचाच. झोस्टर म्हणजे कमरेचा पट्टा. दोन्हीकडे माणसाला कमरेभोवती सरकणारं काही तरी दिसलं. मी आक्कांना हे सारं सांगितलं, त्यांनी ते ऐकलं, पण टेप काही सुटली नाही. सुटली ती वेगळ्या गोष्टीने. मी त्यांना समजावलं की लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूच्या गाठीत वर्षानुवर्षं पडून राहतो, म्हातारपणी जागा होतो आणि त्या एका मज्जातंतूच्या वाटेनेच कातडीवर येतो; तो मज्जातंतू पाठीच्या कण्यापासून निघून पोटाच्या मध्यरेषेशी संपतो. पलीकडच्या बाजूचा वेगळा. त्यांच्याच कुशीवर मी बोटाने ती वाट आखून दाखवली. आक्का बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ही अर्ध्यातच अडकते म्हणायची." टेप शिवणाच्या डब्यात गेली आणि त्या दुपारी भात-मेतकूट खाल्लं.

नावामुळे भीती आली आणि नाव फोडल्याने ती थोडी सैलही झाली, कारण 'सरपटणारं' हे नुसतं वर्णन आहे, साप नाही, एवढं तरी कळलं. पण भीती गेली ती शरीर समजल्यावर.

उलटही घडतं. माझा मावसभाऊ ओझरला नोकरी करून निवृत्त झाला. जिना चढताना दम लागू लागला, तपासण्या झाल्या, अहवालावर आलं: इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस. तो कागद घेऊन माझ्याकडेच आला, कारण घरात मुळं सांगणारी मी. पल्मो म्हणजे फुप्फुस, फायब्रोसिस म्हणजे तंतू धरणं, आणि इडिओस म्हणजे स्वतःचा, पॅथॉस म्हणजे व्यथा. आपल्याकडचा अगदी समांतर शब्द आहे 'निज': चरकाने रोगांचे निज, आगंतु आणि मानस असे भाग केले आहेत. मी निज म्हटलं आणि त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे कारण माझ्यातच आहे? मी काय केलं?" त्याने आयुष्यात विडी ओढलेली नव्हती. मी त्याचा हात धरून सांगितलं की या अहवालात त्या शब्दाचा अर्थ एवढाच की कारण सापडलेलं नाही. चरकाच्या निजात दोषांचं कारण गृहीत आहे. आजच्या इडिओपॅथिकमध्ये कारणाची जागा रिकामी आहे. तो म्हणाला, "मग कारण माहीत नाही असंच लिहायचं ना." त्याचं बरोबर आहे. रोग्याला हा शब्द देताना त्याचा अर्थ मराठीत, समोर बसून सांगणं हे औषध देण्याइतकंच वैद्याचं कर्तव्य आहे, असं मला मनापासून वाटतं. नाशिकच्या म्हसरूळला 1998 पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यभरचे डॉक्टर, वैद्य, परिचारिका त्याच्या परीक्षा देऊन बाहेर पडतात. रोग्याशी त्याच्या भाषेत बोलण्याला तिथे भरपूर गुण ठेवावेत, ही माझी मागणी मी प्रत्येक बैठकीत मांडते.

माझ्यापुढची अडचण यापेक्षा खोल आहे. मी वारकरी घरातली. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला जाते, संध्याकाळी हरिपाठ म्हणते. आमच्या मार्गात नाम आणि नामी वेगळे नाहीत. नाम घेतलं की तो आलाच. मग तीच मी वर्गात उभी राहून नाव आणि वस्तू वेगळ्या ठेवा असं कसं सांगते? याचं उत्तर मला निवृत्तिनाथांच्याच शिष्याकडे मिळालं. ज्ञानदेवांनी अमृतानुभवात शब्दावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. शब्दाचा उपकार ते नाकारत नाहीत: विसरलेल्याची आठवण तो करून देतो, निराकाराला दाखवणारा आरसा होतो. पण जो मुळात स्वतःला विसरलेलाच नाही त्या आत्मवस्तूपुढे शब्दाला काम उरत नाही. माझ्यासारखीला यातून व्यवहाराचा धडा मिळतो. शब्द आठवण देतो, म्हणजे ज्याची आधी गाठ पडली आहे त्याचीच. ज्याने शवविच्छेदनाच्या टेबलावर यकृताचा जडपणा हातात घेतला, त्याला हेपॅटोमेगाली म्हणताच तो जडपणा आठवेल. ज्याने घेतला नाही, त्याला फक्त व्युत्पत्ती आठवेल. भक्ताचं नामही असंच पोसलेलं असतं, प्रेमाने, जन्मभराच्या सहवासाने. विठ्ठल शब्दाची व्युत्पत्ती पंडितांनी नाना परींनी लावली आहे. त्यांपैकी एकही ठाऊक नसलेली बाई दिंडीत रडते, तिचं नाम खरं आहे. रोगाच्या नावाशी असा सहवास फक्त रोग्याचा असतो. म्हणून त्या नावाचा अर्थ त्याच्याकडूनच भरून घ्यावा लागतो.

सुरगाण्याच्या मुलीला मी त्या दिवशी चरकाच्या सूत्रस्थानाचा अठरावा अध्याय काढायला लावला. तिथे तो वैद्याला सांगतो की एखाद्या विकाराचं नाव सांगता आलं नाही तर कधीही लाजू नकोस, कारण सगळ्या विकारांना ठरलेली नावं नसतातच. तेच दोष कारण बदललं, जागा बदलली की वेगवेगळे विकार करतात. तेव्हा विकाराचं स्वरूप, त्याची जागा आणि त्याचं कारण जाणून घे आणि कामाला लाग. इतकं धीराचं वाक्य मला दुसऱ्या कुठल्या शास्त्रग्रंथात भेटलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती एक कागद घेऊन आली. आजीला तिने दोन दुपारी विचारून लिहिलेलं: उजवा गुडघा, आतली बाजू. चढताना कमी, उतरताना जास्त. सकाळी उठल्यावर थोडा वेळ आखडतो, चालल्यावर मोकळा होतो. तरुणपणापासून भाताच्या लावणीत वाकून काम, डोक्यावर हंडे, डोंगराची वाट. पाच वर्षांपूर्वी घसरून पडली होती, ते डॉक्टरांना सांगायचं राहिलं. निदानाच्या रकान्यात काही नव्हतं. "नाव कधी लिहू?" तिने विचारलं.

मी म्हटलं, चरक नावं टाळत नाही. अठराव्यात लाजू नकोस म्हणणारा तोच विसाव्या अध्यायात वाताचे ऐंशी, पित्ताचे चाळीस आणि कफाचे वीस विकार नावानिशी मोजतो आणि वर सांगतो की हे फक्त ठळक, बाकीचे अगणित. त्या ऐंशींत जानुभेद आहे आणि जानुविश्लेषही आहे. एकात गुडघा फुटल्यासारखा दुखतो, दुसऱ्यात सांधा सैल झाल्यासारखा. यांतलं कोणतं, ते पुस्तकावरून ठरवू नकोस; पुढच्या रविवारी घरी जाशील तेव्हा आजीला विचारून ये.